पंगत, टेबल आणि वांग्याची भाजी

'अस्सल' हा शब्द मराठी समीक्षेला फार प्रिय आहे. अस्सल ग्रामीण, अस्सल देशी, अस्सल वऱ्हाडी. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि 'मूळ' हाच त्याचा मूळ अर्थ. म्हणजे आपल्या मातीतल्या मुळांविषयी बोलताना आपण ज्या शब्दाचा आधार घेतो, त्याची मुळे मात्र दूरदेशीची. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसत. मग मी त्यांना विचारत असे, की एखादी कविता 'अस्सल नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा तिच्यात नेमकी कशाची उणीव दाखवतो? उत्तर क्वचितच मिळे. भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीनंतर या शब्दाला आपल्याकडे एक वैचारिक वजनही आले. पण वजन आले म्हणून अर्थ स्वच्छ झाला, असे मात्र म्हणता येत नाही.

साहित्याच्या आधाराने या प्रश्नाचा विचार करू लागलो की आपले पक्ष आधीच ठरलेले असतात. म्हणून तो ताटावर करून पाहावा असे वाटते. भूक, मान आणि चव या तिन्ही गोष्टी ताटासमोर एकाच वेळी उघड्या पडतात. निमित्त आहे काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीतल्या एका जुन्या इटालियन-अमेरिकन हॉटेलात घेतलेल्या जेवणाचे. बुलडाणा जिल्ह्यात, पैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात वाढलेल्या माणसाने त्या जेवणावर निबंध लिहावा असे त्यात काय होते, असे कोणी विचारील. एका शब्दात उत्तर द्यायचे तर, वांगे होते.

हे हॉटेल आपले जुनेपण जाणीवपूर्वक जपणारे होते. भिंतींना गडद लाकडी फळ्या, बसायला लाल चामड्याचे बाक आणि जड खुर्च्या, टेबलांवर कडक इस्त्रीचे पांढरे कापड, मंद उजेड, आणि आत शिरताच समोर फ्रँक सिनात्राचे छायाचित्र. सिनात्रा होबोकनचा, म्हणजे न्यू जर्सीचाच. १९१५ चा जन्म, आईवडील दोघेही इटलीत जन्मलेले. आमच्या जिल्ह्यातल्या हॉटेलांत गल्ल्याच्या मागे शेगावच्या गजानन महाराजांची तसबीर असते, तितक्याच स्वाभाविकपणे तो तिथे होता. बिलाचा आकडा रुपयांत करून पाहायचा नाही, असे मुलीने दारातच बजावले होते.

सत्तरीकडे झुकलेला एक वाढपी आला. काळे जाकीट, हातावर पांढरा रुमाल. त्याने माझ्यासाठी खुर्ची मागे ओढून धरली आणि मी बसेपर्यंत तो थांबला. ही तिथली रोजची रीत. त्यात माझ्याकरिता वेगळे काही नव्हते. तरीही ती खुर्ची माझ्या लक्षात राहिली आहे. कारणाकडे पुढे येईन.

मेन्यूकार्डही संहितेसारखे वाचायचे, ही मास्तरकीची खोड. त्यात पहिली गोष्ट दिसली ती भाषेची. कार्डावर छापलेली नावे एक, आणि वाढप्याच्या तोंडची नावे दुसरी. 'मोझरेला'ला तो 'मुत्झरेल' म्हणत होता, 'रिकोटा'ला 'रिगॉट'. शेवटचा स्वर गिळायचा, कठोर व्यंजन मृदू करायचे. मुलीला वाटले, अमेरिकेत राहून उच्चार बिघडले असावेत. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. १८८० ते १९२४ या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन माणसे अमेरिकेत गेली, त्यांतली बहुसंख्य नेपल्स, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिण भागातली. इटलीचे राष्ट्र म्हणून एकीकरण झाले १८६१ साली. त्यामुळे या माणसांची घरची भाषा 'इटालियन' नव्हतीच, ती आपापल्या मुलखाची बोली होती. पुढे इटलीत शाळा आल्या, रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली आणि प्रमाणभाषा सर्वदूर पसरली. इकडे न्यू जर्सीत मात्र आजोबांची बोली जेवणाच्या शब्दांपुरती गोठून राहिली. तंजावरच्या मराठीकडे पाहताना आपल्याला जो अनुभव येतो त्याच्याच जवळचा हा प्रकार आहे. दूर गेलेली माणसे भाषेचे एखादे जुने रूप जपून ठेवतात, आणि मूळ गावची माणसे त्यालाच अशुद्ध म्हणतात.

मुलगी म्हणाली, "बाबा, इथे वांगं मिळतं. तुम्हाला आवडेल." एग्प्लांट पार्मिजाना. वांग्याच्या पातळ चकत्या तळायच्या, त्यांचे थर लावायचे, मधून टोमॅटोचा रस्सा आणि चीज, आणि सगळे भट्टीत भाजून काढायचे. १९६५ च्या कायद्याने दारे उघडल्यावर आपल्याकडची सुशिक्षित कुटुंबे अमेरिकेत गेली, त्यांतल्या शाकाहारी मंडळींना इटालियन हॉटेलाचा मोठा आधार वाटे, असे जुनी माणसे सांगतात. मी शाकाहारी नाही. माझे वांग्याशी असलेले नाते वेगळे आहे.

ताट आले तेव्हा प्रथम धक्का बसला तो आकाराचा. एका माणसासाठी म्हणून जे आले होते, ते आमच्याकडे चौघांना पुरले असते. शेजारी स्पॅगेटीचा ढीग वेगळा. पावाची टोपली रिकामी होण्याआधीच दुसरी येत होती. चीज किसून घालताना वाढपी "बस" म्हणेपर्यंत थांबत नव्हता. या सढळपणाला तिथे परंपरा म्हणतात, आणि इटलीहून नुकताच आलेला माणूस याच सढळपणाला नाक मुरडतो. त्याच्या मते पास्ता हा जेवणातला स्वतंत्र टप्पा; तो आधी, मांस नंतर, दोन्ही एका ताटात हा अडाणीपणा. स्टॅन्ली टुची आणि कॅम्पबेल स्कॉट यांच्या 'बिग नाइट' (१९९६) या चित्रपटाचा विषयच हा आहे. १९५० च्या दशकात न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर हॉटेल चालवणारे दोन इटालियन भाऊ. थोरला स्वयंपाकी आपल्या कलेशी तडजोड करायला तयार नाही, आणि गिऱ्हाईक रिसोतोबरोबर स्पॅगेटीही मागते आहे. आपण प्रेक्षक म्हणून त्या स्वयंपाक्याच्या बाजूने उभे राहतो. कलावंताची बाजू घ्यायची आपल्याला सवय असते.

त्या गिऱ्हाइकाची बाजू मात्र इतिहास घेतो. हासिया डायनर या अभ्यासिकेने 'हंगरिंग फॉर अमेरिका' (२००१) या पुस्तकात मांडलेला विचार साधा आणि बिनतोड आहे: ही माणसे भुकेने देश सोडून आली होती. दक्षिण इटलीतल्या शेतमजुराच्या ताटात मांस सणावारीच दिसे. चांगले चीज आणि पांढरा पाव ही मालकाच्या घरची चैन. न्यूयॉर्कला आल्यावर दगड फोडून, बोगदे खणून मिळालेल्या मजुरीत रविवारी मांस आणणे शक्य झाले. म्हणून मांसाचे गोळे मोठे झाले आणि ते स्पॅगेटीवर चढून बसले. जी पार्मिजाना गावाकडे वांग्याची होती, तिच्यात इकडे वासराचे आणि पुढे कोंबडीचे मांस आले. त्यांच्या गावात असले जेवण कोणी जेवले नव्हते हे खरे. पण गावात असताना त्यांनी स्वप्न मात्र याच जेवणाचे पाहिले असणार. या अर्थाने इटालियन-अमेरिकन ताट ही मूळ ताटाची बिघडलेली नक्कल ठरत नाही. मूळ गावी जे मिळाले नाही त्याची ती नोंद आहे.

आणि 'मूळ' म्हणजे तरी किती मागचे धरायचे? टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला. त्याचे नावच मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतले. स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्समध्ये छापल्या गेलेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकात टोमॅटोच्या चटणीची कृती आहे आणि तिला नाव आहे 'स्पॅनिश पद्धतीची'. वांगे याच्या उलट दिशेने गेले. ते आपल्याकडचे, अरबांनी ते सिसिलीपर्यंत पोचवले. संस्कृतातले 'वातिंगण', फारसीतले 'बादिंगान', अरबीतले 'बादिंजान' आणि इटालियनमधले 'मेलांझाना' ही सगळी एकाच शब्दाची वळणे, आणि हिंदीतला 'बैंगन' त्याच कुळातला. युरोपात पुष्कळ काळ लोक या फळाला भीत. 'मेलांझाना' म्हणजे 'वेडे सफरचंद' अशी व्युत्पत्तीही लोकांनी रचली. टोमॅटो मराठीत प्रथम आला तेव्हा त्याला 'वेलवांगी' म्हटले गेले, ते अगदी योग्यच होते. वनस्पतिशास्त्रदृष्ट्या दोघे भाऊबंदच. म्हणजे माझ्यासमोर जे ताट होते, त्यात पूर्वेकडून गेलेले वांगे आणि पश्चिमेकडून आलेला टोमॅटो यांची सिसिली-नेपल्सकडे झालेली भेट होती आणि तिसऱ्या प्रवासात ती न्यू जर्सीला पोचली होती. 'अस्सल' शब्दाचा दिवा घेऊन या ताटात मूळ शोधू पाहणाऱ्याने नेमक्या कोणत्या थरावर थांबावे?

इथवरचा विचार सुखद आहे. सगळेच स्थलांतरित, सगळेच मिश्र, म्हणून शुद्धतेचा आग्रह व्यर्थ. अशा निष्कर्षावर निबंध संपवता येतो आणि तसे निबंध पुष्कळ लिहिलेही जातात. माझी अडचण अशी, की पदार्थांची सरमिसळ जितकी सहज होते तितकी ते खाणाऱ्यांची होत नाही. वांगे सातासमुद्रापार जाते, आणि ते पिकवणारा आपल्याच गावात सावलीबाहेर बसतो.

आमच्या वऱ्हाडात रोडग्यांचे जेवण ही मोठी गोष्ट. कोणाचा नवस फिटायचा असला की शेतात किंवा देवळाजवळच्या लिंबाखाली सगळ्या गावाचे जेवण होई. घट्ट मळलेल्या कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप किंवा तेल, सोबत वरण आणि मोठ्या कढईतली वांग्याची भाजी. तिच्यावर बोटभर लाल तर्री. पळसाच्या पत्रावळी, द्रोण, आणि वाढणाऱ्यांचा आग्रह असा की नको म्हणणाऱ्याच्या पत्रावळीवर दोन रोडगे जास्तीच पडायचे. एरवी वर्षभर हात राखून खाणारे गाव त्या दिवशी सढळ होई. न्यू जर्सीच्या त्या टेबलावर मला जे ओळखीचे वाटले ते वांगे होतेच. पण वांग्याहून अधिक तो सढळपणा ओळखीचा वाटला. टंचाईत वाढलेली माणसे सणाला कशी वाढतात, हे मला माहीत होते.

फक्त मी तो दुरून पाहिला होता. गावाची पंगत उठली की आमच्या वाड्याची पंगत बसे. जागा लिंबाच्या सावलीपासून जराशी पलीकडे, उन्हात. पत्रावळी उरल्या तर मिळत, नाहीतर घरून आणलेले जर्मनचे गंज पुढे करायचे आणि त्यात वरून पडेल ते घ्यायचे. भाजी तीच, वरण तेच, रोडगेही तेच. वाढप्याच्या हाताची उंची तेवढी बदलत असे.

१९५६ नंतर आमच्या घराने हे जेवण बंद केले. १९२७ साली महाडच्या परिषदेतच बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे अन्न सोडण्याचे आवाहन केले होते. दीक्षेनंतर ते आमच्या वाड्यात पाळले जाऊ लागले. येसकराची भाकर मागणे थांबले. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे रोडग्यांच्या दिवशी आम्ही पोरे घरीच असायचो आणि गोवऱ्यांचा धूर व तर्रीचा वास शेतातून वाड्यापर्यंत येई. पोरांनी हट्ट केला की वडील एकच वाक्य बोलत, "जेवाचं असलं तं सावलीत बसून जेवाचं, नाही तं घरी." माय त्या दिवशी मुद्दाम वांगी आणी आणि भाजी करी. वांगी त्याच बाजारातली, तिखटही तेच. चवीत काही उणे होते असे मला आजही म्हणता येणार नाही. तरी ती भाजी खाताना आमचे कान शेताकडे असत.

आता त्या खुर्चीचे कारण लक्षात येईल. कोणी तरी माझ्यासाठी जागा मागे ओढून धरावी आणि मी बसेपर्यंत उभे राहावे, या साध्या कृतीचा अर्थ जन्मभर खुर्चीवर बसलेल्याला लागणे अवघड आहे. पण त्या क्षणाचेही फार कौतुक करायला मन धजत नाही, कारण त्या टेबलांना त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. ज्यांनी ही हॉटेले उभारली त्यांना त्या देशात बसायला जागा सहज मिळाली नव्हती. १८९१ साली न्यू ऑर्लीन्समध्ये जमावाने तुरुंग फोडून अकरा इटालियनांना ठार मारले. लसूण खाणारे, घाणेरडे, गुन्हेगार अशी त्यांची प्रतिमा वृत्तपत्रांतून रंगवली जाई. त्यांचे जेवण बदलल्याशिवाय ते खरे अमेरिकन होणार नाहीत, असे त्यांच्या वस्त्यांत फिरणाऱ्या सुधारकांना वाटे. लसणावरून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. १९२४ च्या कायद्याने इटलीतून येणाऱ्यांची वार्षिक संख्या चार हजारांच्याही खाली आणली. आशियातल्या माणसांना तर दार जवळजवळ बंदच झाले.

या इतिहासातले एक स्थळ मला विशेष विचारात पाडते. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात, त्या काळच्या इटालियन वस्तीत, १८९६ साली 'राओज' नावाचे एक छोटे हॉटेल सुरू झाले. ते आजही त्याच जागी आहे. तिथून तीनेक किलोमीटरवर कोलंबिया विद्यापीठ. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब तिथे शिकत होते. एकाच बेटाच्या दोन कडांना, एकाच वेळी, एकीकडे दक्षिण इटलीतले मजूर आपली पंगत मांडत होते आणि दुसरीकडे महूत जन्मलेला एक विद्यार्थी जातीच्या उगमाविषयी निबंध लिहीत होता. दोन्ही घटनांत धागा जोडण्याचा मोह मी आवरतो. त्या एकाच शहरात एकाच वेळी घडत होत्या, एवढीच नोंद पुरे.

राओजची पुढची कथा मात्र नोंदीवर थांबू देत नाही. हॉटेलात टेबले जेमतेम दहा. १९७७ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मिमी शेरेटन यांनी त्याला तीन तारे दिले आणि सगळे शहर दारात लोटले. वस्तीतल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना जागा मिळेना, म्हणून मालकांनी उपाय काढला: अमक्या वारी अमके टेबल अमक्याचे. कायमचे. हेतू चांगलाच होता. जुन्या शेजाऱ्याला त्याच्या जागेवरून कोणी उठवू नये. परिणाम असा झाला की टेबल ही मिळकत झाली. ते वारसाने जाते, भेट म्हणून दिले जाते, धर्मादाय लिलावात त्यावर बोली लागते. आपल्या शब्दांत सांगायचे तर ते वतन झाले. मालकांपैकी फ्रँक पेलेग्रिनो (मृत्यू २०१७) यांना सतत नकार द्यावा लागे म्हणून लोक 'फ्रँकी नो' म्हणत. बाहेरच्याला टेबल मिळत नाही. बरणीतला रस्सा मात्र १९९२ पासून दुकानात मिळतो, आणि २०२४ मध्ये तो धंदा सुमारे २७० कोटी डॉलरच्या व्यवहारातून कॅम्पबेल कंपनीकडे गेला. चव सर्वांसाठी खुली, जागा मोजक्यांची. उन्हात बसवलेल्यांच्या नातवंडांनी सावली विकत घेतली आणि तिला कुंपण घातले.

पुढची पायरी २०१३ मध्ये उघडलेल्या 'कार्बोन'सारख्या हॉटेलांनी गाठली. मरून टक्सिडो घातलेले वाढपी, जुन्या इटालियन-अमेरिकन हॉटेलाचा हुबेहूब थाट, आणि गरिबांच्या रविवारच्या जेवणाचा श्रीमंती भाव. हसू नये, आपणही त्याच वाटेवर आहोत. पुण्या-मुंबईत 'अस्सल वऱ्हाडी' अशा पाट्या दिसतात, चुलीवरच्या भाकरीचे वेगळे पैसे पडतात. पाटीवर ठेचा येतो, झुणका येतो, रोडगे येतात. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात ज्या जेवणाची नोंद आहे, ते मात्र कोणत्या पाटीवर मी पाहिलेले नाही. वाळवलेल्या मांसाच्या चान्या किंवा रक्ती यांना 'अस्सल' म्हणून कोणी मिरवत नाही, जरी त्या या मातीत शेकडो वर्षे शिजत आल्या. तेव्हा 'अस्सल' हे विशेषण पदार्थाच्या वयाकडे पाहून लागत नाही. तो कोणाच्या चुलीवर शिजला हे पाहून लागते. साहित्यातही ते तसेच लागते, असे मला वाटते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यातले जग किती जुने होते, आणि मराठीच्या पंगतीत त्याला जागा किती उशिरा मिळाली!

त्या रात्री शेवटी उरलेल्या अन्नाचा प्रश्न आला. निम्म्याहून अधिक ताट शिल्लक होते. वाढप्याने न विचारताच ते नेले आणि नीट डब्यात भरून, वर पिशवीत घालून आणून दिले. अमेरिकेत ही सर्वमान्य रीत आहे आणि शेजारच्या टेबलांवरही तेच चालले होते. मुलीने बोलता बोलता पिशवी खुर्चीला अडकवली. उरलेले अन्न घरी नेणे या कृतीत आमच्या घराची तीन पिढ्यांची लाज साठलेली आहे, हे तिला ऐकून माहीत आहे. पण तिच्या हाताला ते माहीत नव्हते. मला क्षणभर काय वाटले ते नेमके सांगणे कठीण आहे. वडील असते तर त्यांनी तो डबा टेबलावरच ठेवायला सांगितला असता. मी काही बोललो नाही. विस्मरण म्हणावे अशी ही गोष्ट होती आणि मुक्ती म्हणावे अशीही. कोणता शब्द योग्य, याचा निर्णय माझ्याच्याने अजून झालेला नाही. दुसऱ्या दिवशी ते वांगे गरम करून आम्ही पोळीशी खाल्ले, आणि मुरल्यावर ते अधिक चांगले लागले.

आणखी एका जागेचा उल्लेख केल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. स्वयंपाकघराचे दार उघडले की आतून स्पॅनिश बोलणे ऐकू येत होते. न्यूयॉर्क आणि आसपासच्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेल्या माणसांचे श्रम मोठ्या प्रमाणावर आहेत. मेक्सिकोतल्या प्वेब्ला भागातली माणसे तर न्यूयॉर्कमध्ये बहुसंख्येने दिसतात. टोमॅटो ज्या भूमीतून निघाला त्या भूमीतली माणसे पाचशे वर्षांनी त्याचा रस्सा ढवळत आहेत आणि त्याला नाव इटलीचे आहे. ती त्या टेबलावर कधी बसतील आणि बसतील तेव्हा शेवटी कोण उठेल, हा प्रश्न ताटातल्या चवीत कुठेही लागत नाही.

एका टेबलावर जेवले म्हणजे प्रश्न सुटला, असेही मला सुचवायचे नाही. सहभोजनाने जातिभावना मेली नाही हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलना'त स्पष्ट लिहिले आहे. त्याहून फार जुना पुरावा आमच्याच जिल्ह्याचा आहे. देऊळगावराजा तालुक्यातले मेहुणा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. परंपरा सांगते, की साक्षात विठ्ठल चोखोबांच्या पंगतीला जेवायला आला. वाढताना सोयराबाईंच्या हातून दही त्याच्या पीतांबरावर सांडले. आणि ते बोलणे ऐकणाऱ्या एका ब्राह्मणाने चोखोबांच्या गालावर मारले, तर गाल सुजला विठ्ठलाचा. ही कथा आपण भक्तीचा चमत्कार म्हणून शिकवतो. मला ती आता पंगतीची कथा वाटते. देव पंगतीला आला तरी मार चुकला नाही. देव पंगतीला बसला म्हणून तो एकट्याला लागला नाही, एवढेच.

तेव्हा ताट आणि कविता यांच्याबद्दल 'हे अस्सल आहे का' असे विचारण्याआधी काही साधे प्रश्न विचारून पाहावेत. हे कोणी शिजवले? ते शिजले तेव्हा सावलीत कोण होते आणि उन्हात कोण? आज त्याचे मोल वाढले तेव्हा जागा कोणाच्या नावावर आहे? वांग्याचे मूळ शोधत गेलो तर आपण सिसिलीपासून बगदादमार्गे पुन्हा आपल्याच परसात येतो, आणि परसात आल्यावर हे प्रश्न तसेच उभे असतात. निदान साहित्याच्या वर्गात तरी ते टाळू नयेत, असे वाटते.